टीएलसीचा तयार अ‍ॅल्युमिनियम पत्रा: हळद आणि अडुळशावर कसाला लावून

औषधी वनस्पतीच्या अर्काची तपासणी म्हटलं की कॉलेजच्या लॅबमध्ये आधी टेस्ट ट्यूबचा स्टँड पुढे येतो. मेयर (अल्कलॉइड ओळखायचं द्रावण) टाकलं, पांढुरका साका बसला, लिहा ‘अल्कलॉइड +’. फेरिक क्लोराइड टाकलं, निळं-काळं झालं, ‘टॅनिन +’. जोरात हलवलं, फेस टिकला, ‘सॅपोनिन +’. बीएस्सीपासून पीएचडीपर्यंत कितीतरी प्रबंधांत हाच तक्ता असतो, आणि झाडाचं नाव खोडून दुसरं लिहिलं तरी तक्ता बहुतेक तसाच राहील. हिरव्या पानात फिनॉल सापडणारच. मेयर कॅफीनला दाद देत नाही, आणि ड्रॅगनडॉर्फ हे त्याच कामाचं दुसरं द्रावण काही कुमरिनांनाही (जे अल्कलॉइड नाहीत) नारिंगी रंग देतं. त्यामुळे ‘+’ दिसलं तरी अर्कात नेमकं काय आहे, एक घटक आहे की सात, औषधी म्हणून ज्याचं नाव घेतो तो त्यात आहे की नाही, यातलं काहीच हाती लागत नाही.

या प्रश्नांची उत्तरं कमी खर्चात देणारी वस्तू म्हणजे टीएलसीची तयार प्लेट. टीएलसी म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी: पातळ थरावर तळाशी अर्काचा ठिपका लावायचा, खालून द्रावक चढू द्यायचा, आणि घटक वेगवेगळ्या उंचीवर सुटे होतात. इथे परीक्षण आहे ते सिलिका जेल ६० एफ२५४ या जातीच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचं. आकार २० × २० सेंमी, डब्यात २५ पत्रे. मर्कचा पत्रा सगळ्यांच्या ओळखीचा आहे, इतरही कंपन्या बनवतात. पुढे लिहिलेले गुणदोष या जातीच्या मालाचे आहेत, कुण्या एका कंपनीचे नाहीत.

नावातच अर्धी माहिती आहे. ‘६०’ म्हणजे सिलिकाच्या कणांमधल्या छिद्रांचा सरासरी व्यास, ६० अँगस्ट्रॉम. ‘एफ२५४’ म्हणजे थरात मिसळलेला असा पदार्थ, जो २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही प्रकाशात हिरवा उजळतो. त्या हिरव्या पडद्यावर यूव्ही शोषणारा घटक काळ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. ३६६ नॅनोमीटरला मात्र पडदा काळोखा राहतो आणि जे स्वतः चमकतं तेवढंच दिसतं. म्हणून दोन्ही दिव्यांखाली बघायचं आणि दोन्ही फोटो ठेवायचे. पत्र्यावर सिलिकाचा थर सुमारे ०.२ मिमी जाड असतो.

तयार पत्रा नको तर दुसरी वाट म्हणजे काचेवर हाताने ओतलेली प्लेट. ३० ग्रॅम सिलिका जेल जी, ६० मिली पाणी, मिनिट-दीड मिनिट जोरात हलवायचं आणि घट्ट व्हायच्या आत पसरायचं. यात २० × २० च्या पाच काचा होतात. ‘जी’ म्हणजे जिप्सम, तेच थराला धरून ठेवतं. हवेत सुकवून ११० अंशांवर तासभर ठेवलं की प्लेट तयार. स्वस्त आहे, विद्यार्थ्याने एकदा तरी हाताने करावी अशी आहे. पण थर एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ येतो, मध्ये हवेचे बुडबुडे फुटून खड्डे पडतात आणि बोट लागलं की पापुद्रा निघतो. आज केलेल्या काचेवरची आरएफ (ठिपका जितका चढला भागिले द्रावक जितका चढला) उद्याच्या काचेशी जुळत नाही. शिकण्यासाठी ठीक. दोन नमुन्यांची तुलना करून त्यावर काही म्हणायचं असेल तर तयार पत्राच हवा, त्याला पर्याय नाही.

खर्चाचा हिशेब असा. एका पत्र्यातून ५ × १० च्या आठ पट्ट्या निघतात, म्हणजे डब्यातून दोनशे. एका पट्टीवर कडेपासून एक सेंमी सोडून, एकेक सेंमीवर चार ठिपके आरामात बसतात: स्टँडर्ड (तुलनेसाठीचा ओळखीचा घटक), पहिला नमुना, दुसरा नमुना, आणि चौथ्या जागी नमुना व स्टँडर्ड एकावर एक. हा चौथा ठिपका बरेच जण गाळतात, आणि तोच सगळ्यात कामाचा असतो. नमुन्यातल्या इतर कचऱ्यामुळे एखादा घटक थोडा वर-खाली सरकतो आणि आरएफचा आकडा फसवतो. एकत्र लावलेला ठिपका वर जाऊन एकच राहिला तर तो घटक तोच असावा. दोन तुकडे झाले तर नक्की तो नाही.

आता पत्र्याची पहिली तक्रार: कापणं. अ‍ॅल्युमिनियम असल्यामुळे कात्रीने कापता येतं, ही जाहिरातीतली मोठी सोय. पण बोथट कात्री पत्रा कापण्याआधी वाकवते, आणि वाकला की कडेची सिलिका भुकटी होऊन गळते. तिथे द्रावक वेगळ्या वेगाने चढतो, पुढची रेघ हसऱ्या तोंडासारखी वाकते आणि कडेचे ठिपके तिरके पळतात. फोटो कापायच्या पातळ पात्याच्या कटरवर एका झटक्यात कापलं तर हा त्रास जवळपास संपतो. तरीही कडा ओबडधोबड राहिली तर दोन्ही बाजूंनी एक-दीड मिलिमीटर सिलिका ब्लेडने खरवडून टाकायची. रेघ शिसपेन्सिलने, तीही हलक्या हाताने. बॉलपेनची शाई द्रावकाबरोबर वर चढते आणि तिचा निळा-जांभळा पट्टा नमुन्यातलाच घटक समजून वहीत लिहिला जातो.

दुसरी गोष्ट दमट हवेची. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात डबा उघडा राहिला तर सिलिका काही मिनिटांत पाणी ओढून घेते. पाणी प्यायलेला थर घटकांना धरून ठेवत नाही, सगळे ठिपके वर सरकतात आणि जवळजवळचे एकमेकांत मिसळतात. उपाय साधा आहे: वापरायच्या आधी ११० अंशांवर अर्धा तास, मग डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करायचं. गरम पट्टीवर ठिपके लावू नका. आणि डबा ज्या कपाटात असेल तिथे अमोनिया किंवा अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडची बाटली नको, सिलिका त्यांच्या वाफाही शोषते. जुन्या डब्यातली पट्टी चालवली की द्रावकाच्या रेघेपाशी एक पिवळट घाणेरडी ओळ दिसते. अशी पट्टी टाकून देण्यापेक्षा आधी कोऱ्या मेथनॉलमध्ये वरपर्यंत चालवून, ओव्हनमध्ये वाळवून घेतली की घाण वरच्या टोकाला जाऊन बसते.

पत्रा कसाला लावायला हळद उत्तम, कारण चुकलं की डोळ्यांना लगेच दिसतं. सांगलीची, वायगावची, बाजारातली सुटी, पुडीतली, कुठलीही घ्या. १ ग्रॅम पूड, १० मिली मेथनॉल, पंधरा मिनिटं सोनिकेटर (ध्वनिलहरींनी ढवळणारं यंत्र) किंवा कोमट वॉटर बाथ, मग गाळणी कागद. इथेच पहिली चूक होते. हा अर्क तसाच लावला जातो. हळदीत कर्क्युमिनॉइड (तिचे तीन पिवळे घटक) ३ टक्के धरले तर अर्काच्या दर मिलीत ३ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मायक्रोलिटरच्या ठिपक्यात १५ मायक्रोग्रॅम. या पातळ थराला तेवढा भार झेपत नाही. तिन्ही ठिपके खालून वरपर्यंत शेपूट ओढत एकमेकांवर चढतात, आणि वहीत शेरा पडतो ‘प्लेट खराब’. दहापट पातळ करून तोच ५ मायक्रोलिटर लावा, दीड मायक्रोग्रॅम जाईल, तीन स्वच्छ गोल मिळतील.

द्रावक: १९ मिली क्लोरोफॉर्म, १ मिली मेथनॉल, म्हणजे ९५:५. बरणीत भिंतीला गाळणी कागद लावून अर्धा तास झाकून ठेवायची, आतली हवा वाफेने भरली पाहिजे. द्रावकाची उंची अर्धा सेंमी, ठिपक्यांची रेघ पट्टीच्या तळापासून दीड सेंमीवर. ठिपका द्रावकात बुडाला तर नमुना बरणीत विरघळतो आणि वर काहीच चढत नाही. द्रावक ८ सेंमी चढला की पट्टी काढायची आणि द्रावक कुठवर आला ते तत्काळ पेन्सिलीने टिपायचं. मिनिटभरात रेघ उडून जाते आणि मग आरएफ अंदाजाने लिहावी लागते.

निकाल साध्या उजेडातही दिसतो. सगळ्यात वर कर्क्युमिन, ०.७ च्या आसपास. मध्ये डिमेथॉक्सीकर्क्युमिन, खाली बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिन. ३६६ खाली तिन्ही पिवळसर चमकतात. क्रम असाच का, तर मेथॉक्सी गट कमी झाला की रेणू सिलिकाला जास्त घट्ट चिकटतो. आणि ‘९५ टक्के कर्क्युमिन’ म्हणून विकत घेतलेली स्टँडर्डची बाटली लावली तरी तीनच ठिपके येतात. तिथे बरेच जण घाबरतात. घाबरायचं कारण नाही, बाजारात कर्क्युमिन म्हणून मिळतं ते या तिघांचं मिश्रणच असतं, त्यात खरं कर्क्युमिन पाऊणभर. उलट हळदीच्या नावाने आलेल्या एखाद्या अर्कात वरचा एकच जाड ठिपका आहे आणि खालचे दोन जवळपास नाहीत असं दिसलं, तर कारखान्यात बनवलेलं कर्क्युमिन त्यात घातल्याची शंका घ्यायला जागा आहे. टेस्ट ट्यूबमधली कुठलीही चाचणी हे सांगू शकत नाही.

भेसळीचंही तसंच. मेटॅनिल येलो या भेसळीच्या कृत्रिम रंगासाठी हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची चाचणी सगळ्यांना माहीत आहे: गुलाबी-जांभळा रंग आला आणि पाणी घालूनही टिकला तर भेसळ. पण तीव्र अ‍ॅसिडमध्ये खुद्द हळदही लालसर होते, आणि तो रंग गेला की राहिला यावर बघणाऱ्या दोघांचं एकमत होत नाही. पत्र्यावर हा वाद मिटतो. मेटॅनिल येलोवर सल्फोनेट गट असल्याने तो या द्रावकात फारसा चढत नाही, सुरुवातीच्या रेघेशीच पिवळा चिकटून बसतो आणि कर्क्युमिनॉइड त्याला सोडून वर जातात. शेजारी शुद्ध रंगाचा ठिपका लावायचा, आणि मग त्या खालच्या डागावर अ‍ॅसिडचा थेंब टाकून खात्री करायची.

आरएफ रोज वेगळी येते ही तक्रार तुम्हाला प्रत्येक लॅबमध्ये ऐकू येईल, आणि दोष नेहमी पत्र्यावर जातो. बरेचदा दोष क्लोरोफॉर्मच्या बाटलीत असतो. क्लोरोफॉर्म टिकावा म्हणून त्यात थोडं इथेनॉल घालतात, काही बाटल्यांत इथेनॉलऐवजी अ‍ॅमिलीन असतं. पाच टक्के मेथनॉलच्या हिशेबात अर्धा-एक टक्का इथेनॉल म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे, ठिपके त्याने सरकतात. लेबल वाचा आणि वहीत लिहा. दुसरं कारण म्हणजे कालचंच द्रावक आज वापरणं. क्लोरोफॉर्म आणि मेथनॉल एकाच प्रमाणात उडत नाहीत. दर वेळी ताजं बनवा. क्लोरोफॉर्म टाळायचं असेल तर टोल्युइन आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ४:१ हेही हळदीला चालतं, फक्त अ‍ॅसिड पूर्ण उडेपर्यंत पट्टी हुडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) वाळवावी लागते. दोन्ही द्रावकं हुडखालीच. जुन्या पद्धतींत बेन्झिन लिहिलेलं असतं, तिथे टोल्युइन घ्या.

अडुळसा हे वेगळं प्रकरण आहे. इथे पत्र्याची मर्यादाही दिसते. पानातला मुख्य अल्कलॉइड व्हॅसिसिन. खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्सिन आणि त्यापुढचं अँब्रॉक्सॉल या रेणूवरूनच सुचलं, म्हणून औषधशोधाचा वर्ग घ्यायला अडुळशासारखं दुसरं पान नाही. सावलीत वाळवलेली १० ग्रॅम पूड आधी पेट्रोलियम इथरने धुऊन घ्यायची, म्हणजे मेण, चरबी आणि बरंचसं हरितद्रव्य निघून जातं. ही पायरी गाळली तर पट्टीवर हिरवा चिखल दिसतो आणि ३६६ खाली क्लोरोफिलच्या लाल चमकेत बाकी सगळं बुडतं. मग मेथनॉलचा अर्क काढून, आटवून, दर मिलीत १० मिलिग्रॅम असं द्रावण करायचं. ५ मायक्रोलिटरमध्ये ५० मायक्रोग्रॅम अर्क जातो. त्यात हवा तो घटक एक टक्का असेल तर अर्धा मायक्रोग्रॅम, २५४ खाली दिसण्याइतका.

पण तो ५ मायक्रोलिटर एका दमात टेकवायचा नाही. केशनळी टेकवली, उचलली, गार हवेच्या ड्रायरने वाळवलं, पुन्हा तिथेच. ठिपका ३ मिलिमीटरपेक्षा मोठा झाला की निकाल तेवढाच पसरट येणार. नळीने सिलिकाला भोक पाडू नका. त्या भोकाभोवती द्रावक वळसा घालून जातो आणि ठिपक्याची चंद्रकोर होते.

द्रावक इथिल अ‍ॅसिटेट, मेथनॉल, अमोनिया ८:२:०.२. अमोनिया कशासाठी? सिलिका किंचित आम्ल आहे, ती अल्कलॉइडला पकडून ठेवते आणि तळापासून लांब शेपूट काढते. थोडा अमोनिया ही पकड सोडवतो आणि ठिपका गोल होतो. मात्र अ‍ॅल्युमिनियमला तीव्र अमोनिया सोसत नाही, तीव्र खनिज आम्लंही नाहीत. वरच्या प्रमाणात काही बिघडत नाही, पण कुणी अमोनियाचं प्रमाण वाढवत नेणार असेल किंवा पट्टी चालवून झाल्यावर सल्फ्युरिकने जाळून ठिपके काढणार असेल, तर काचेवरची तयार प्लेट घ्यावी. जाळण्यात आणखी एक अडचण आहे. तयार पत्र्यात सिलिका धरून ठेवायला सेंद्रिय बाइंडर असतो, जास्त तापवलं की तोही काळवंडतो. जिप्समच्या हातच्या काचेला हा त्रास नाही, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. प्लॅस्टिकवरची प्लेट मिळते ती स्वस्त वाटते, पण ओव्हनच्या कामाला तिचा उपयोग नाही.

पट्टी नीट वाळवा, अमोनियाचा वास पूर्ण जाऊ द्या, मग ड्रॅगनडॉर्फ फवारा. पिवळट जमिनीवर नारिंगी ठिपके उठतात. व्हॅसिसिनच्या वर दुसरा ठिपका दिसला तर तो व्हॅसिसिनोन असू शकतो. व्हॅसिसिन हवेने आणि उजेडाने त्यात बदलत जातं, म्हणून वर्षभर पारदर्शक बरणीत राहिलेल्या पुडीत वरचा ठिपका ठळक आणि ताज्या पानात खालचा. माल किती जुना आहे हे पट्टी अशी सांगून जाते. आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराला कच्चा माल घेताना एवढी एक चाचणी दारातच करता आली तर बरेच व्यवहार सुधारतील.

फवाऱ्यांपैकी अ‍ॅनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक सगळ्यात बहुगुणी: १० मिली ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये अर्धा मिली अ‍ॅनिसाल्डिहाइड, मग ८५ मिली गार मेथनॉल, आणि शेवटी ५ मिली तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड थेंब-थेंब, भांडं बर्फात ठेवून. क्रम बदलू नका. १०० ते १०५ अंशांवर पाच-दहा मिनिटं ठेवलं की टर्पिनॉइड, स्टेरॉइड जांभळे-निळे होतात. पत्रा एवढं सहज सोसतो. द्रावण गुलाबी झालं की टाकून द्या, त्यानंतर रंगांवर भरवसा नाही. आणि पट्टी उघड्या बोटांनी धरली असेल तर निनहायड्रिनमध्ये (अमिनो आम्लं दाखवणारा फवारा) तुमचेच ठसे जांभळे उमटतील, हातमोजे घाला.

‘औषधी गुण आहेत का’ या प्रश्नापर्यंत हा पत्रा किती नेतो? बरंच पुढे, पण शेवटपर्यंत नाही. चालवलेल्या पट्टीवर डीपीपीएच या जांभळ्या रसायनाचं ०.२ टक्के मेथनॉल द्रावण फवारलं की जांभळ्या जमिनीवर ज्या ठिपक्यांत अँटिऑक्सिडंट आहे तेवढेच पिवळे होतात. अर्ध्या तासात, अंधारात ठेवून बघायचं. अख्ख्या अर्काचा एक आकडा काढण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण कुठला ठिपका काम करतो ते दिसतं. जंतूंसाठी पट्टीवर स्टॅफिलोकॉकस जंतू मिसळलेलं पातळ अगार ओतायचं, रात्रभर ३७ अंशांवर ठेवून वर एमटीटी नावाचं रंगद्रव्य फवारायचं. जिवंत जंतू जांभळे होतात, जिथे वाढ थांबली तिथे फिकट वर्तुळ राहतं. इथे एक पट्टी नमुना न लावता, फक्त द्रावकात चालवलेली, सोबत हवीच. द्रावकाचा अंश उरला तर जंतू त्यानेही मरतात आणि श्रेय झाडाला जातं.

आणि पिवळा ठिपका दिसला म्हणून औषध सापडलं असं लिहू नका. जवळपास प्रत्येक फिनॉल डीपीपीएचला पिवळं करतो. कर्क्युमिन तर असंख्य चाचण्यांत सक्रिय दिसतं, तरी शरीरात ते फार थोडं शोषलं जातं आणि पटकन मोडतं. २०१७ मध्ये जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत यावर सविस्तर आढावा आला होता, हळदीवर काम करणाऱ्याने तो वाचलाच पाहिजे. पत्रा घटक वेगळे करून दाखवतो, ओळख पटवायला मदत करतो, पुढे कशामागे जायचं ते सुचवतो. किती टक्के आहे हे नेमकं हवं तर एचपीएलसी (द्रावक दाबाने नळीतून ढकलून घटक मोजणारं यंत्र) किंवा स्कॅनरसह एचपीटीएलसी (टीएलसीचं जास्त अचूक रूप) लागते, आणि अनोळखी ठिपक्याचं नाव हवं तर मास स्पेक्ट्रोमेट्री आणि एनएमआर या रेणूची रचना दाखवणाऱ्या पद्धती. बाहेरच्या लॅबला एवढे पैसे भरण्याआधी पट्टीवर कोणता अर्क पाठवण्याच्या लायकीचा आहे ते ठरवता येतं. सहा अर्कांऐवजी एक पाठवला की डब्याची किंमत तिथेच निघाली.

१९३८ साली खारकिवमध्ये इझमाइलोव्ह आणि श्रायबर यांनी काचेवर अ‍ॅल्युमिनाचा पातळ थर देऊन पहिल्यांदा ही युक्ती केली, तीसुद्धा औषधी वनस्पतींचे अर्क तपासण्यासाठीच. पुढे एगॉन श्टाल यांनी १९५० च्या दशकात सिलिकावर तिला शिस्त लावली. आजही आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या (औषधांच्या मानक ग्रंथाच्या) मोनोग्राफमध्ये, म्हणजे एकेका वनस्पतीवरच्या नोंदीत, टीएलसी असते, आणि द्रावक नव्याने शोधत बसण्याआधी ती बघणं शहाणपणाचं.

विकत घेताना डब्यावर ‘एफ२५४’ आहे ना हे आधी बघा. त्याशिवायचाही पत्रा येतो, दिसायला अगदी तसाच पांढरा, आणि यूव्हीखाली धरल्यावरच चूक कळते. उघडलेल्या डब्यातला पत्रा सुटा विकत घेऊ नका. पत्रे एकमेकांवर घासून सिलिकावर चरे पडलेले असतात आणि ते चरे द्रावकाला वाट देतात. पाच-दहा पट्ट्यांपुरतंच काम असेल तर शेजारच्या कॉलेजबरोबर डबा वाटून घ्या, पण आपला वाटा अख्ख्या पत्र्यांत, फॉइलमध्ये गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसकट घ्या आणि पट्ट्या ज्या दिवशी लागतील त्या दिवशीच कापा.